साबणाने घासलेला तवा

मित्रांनो, मी एक जुना बिडाचा तवा आहे आणि चुलीवर न चढताही माझं डोकं तापलं होतं. कारण ऐका. अमेरिकेत, जॉर्जियातल्या आमच्या काउंटीच्या संग्रहालयात मला दोरीआड मांडलं. खाली पाटी लावली: 'थोर लेखिका मिस कॉर्नेलिया यांचा तवा. यात मक्याचा पाव भाजताना त्यांना कथा सुचल्या.'

सुचल्या म्हणे! त्या बाईला पाणी उकळता येत नव्हतं.

मी ओझेला टेटमचा. तिच्या आईने मला तिच्या हाती सोपवलं. कॉर्नेलियाबाईंकडे स्वयंपाकाला जाताना ती मला काखोटीला मारून न्यायची, कारण त्या घरच्या भांड्यांवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. माझ्यात डुकराची चरबी चरचरली की तिचं तोंड सुटायचं. नदीत बाप्तिस्मा देता देता स्वतःच वाहून गेलेला पाद्री, खेचराशी भांडणारी विधवा, एकाहून एक गोष्टी! टेबलाशी बाई भराभर उतरवून घ्यायच्या. पुस्तक गाजलं. त्यात ओझेलाचं नाव शोधून दाखवा. पुढे ती आजारी पडून घरी गेली, मी तिथेच राहिलो.

उद्घाटनाला बाईंची भाची लॅव्हिनिया मिरवत होती. ओझेलाची नात व्हर्लीन सरळ तिच्यापुढे उभी राहिली.

"मिस लॅव्हिनिया, हा माझ्या आजीचा तवा. न्यायला आलेय."

"काहीतरीच काय! लहानपणी मावशीबरोबर मी स्वतः यात पाव भाजायचे."

"हो का? मग हा असा उघडाबोडका कुणी केला?"

"मीच घासला. साबण लावून, तारेच्या घासणीने. शी, किती काळाकुट्ट होता!"

आमच्याकडे शेंबडं पोरही बिडाच्या तव्याला साबण लावत नाही. पिढ्यान् पिढ्यांचं तेल मुरून तो काळा होतो, म्हणून तर पाव न चिकटता सुटतो. "अरे देवा, साबण?" मागून एक म्हातारी म्हणाली.

"यात एकदा जरी पाव भाजला असतात," व्हर्लीन म्हणाली, "तर तुमचा हात धजला नसता."

"पोलिसांना बोलावीन!"

"बोलवा. त्यांनाही आया आहेत."

दोरी ओलांडून तिने मला उचललं. कुणीही आडवं आलं नाही.

घरी चरबी चोळून तिने मला आगीवर ठेवलं. पहिला पाव चिकटला. दुसराही चिकटला. व्हर्लीनने ओझेलाच्या तोंडच्याच शिव्या हासडल्या.

मित्रांनो, गोष्ट घेतलीत तर सांगणारीचं नावही घ्या. आणि माझा काळेपणा काढायला पुन्हा कुणी साबण घेऊन आलं, तर मी तापलेलाच हाती लागेन, सांगून ठेवतो.