लागलेला दिवा
बुद्धघोषनं सरांना लांबूनच ओळखलं. इंदापूरच्या एसटी स्टँडमागं त्याचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान होतं. सकाळी साडेनऊला दोन ट्रक ड्रायव्हर एक पांढरी मोटार ढकलत दुकानासमोर घेऊन आले. स्टिअरिंगवर आनंदराव सर होते. केस पिकलेले, मान मात्र तशीच ताठ. शेजारी त्यांच्या पत्नी, सुधाताई.

बारा वर्षांपूर्वी, चौऱ्याऐंशी साली, सर बारामतीत इलेक्ट्रिशियनच्या कोर्सला शिकवायचे. कऱ्हाटीचा बुद्धघोष त्यांच्या वर्गात होता. शेवटच्या प्रात्यक्षिकाला त्याच्या बोर्डवरचा दिवा लागला. सरांनी तो पाहिला, मग वायरी उपसून टेबलावर टाकल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सरकार ह्यांना जागा देईल, डोकं कुठून देणार?" पोरं हसली. बुद्धघोष नापास झाला. कारखान्यातली ठरलेली नोकरी गेली. त्याचे वडील साहेबराव महिनाभर चावडीच्या बाजूला फिरकले नाहीत.

सरांनी आज त्याला ओळखलं नाही.

"दोन दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते," ते म्हणाले. "बॅटरी नवी टाकली, डायनॅमो तपासला. कुणाला काही कळत नाही. आम्हाला बारामतीजवळ जळोचीला जायचंय, लेकीकडं."

बुद्धघोषनं दुकानातली भरलेली बॅटरी बसवली. मग बॅटरीची एक वायर सोडवून तिच्यात आणि बॅटरीत टेस्ट लॅम्प धरला. लॅम्प लागला.

"चावी तुमच्या हातात हाय, तरी करंट चाललाय."

"ते कळतं मला. मी हेच शिकवलंय आयुष्यभर."

बुद्धघोषनं डिकी उघडली. स्टेपनीजवळ टेपचा अॅम्प्लिफायर होता. त्यानं हात लावला. चावी बंद असूनही तो डबा कोमट लागला.

"हे कुणी बसवलं, ताई?"

"ह्यांनीच, दिवाळीत. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत."

वायर चावीला वळसा घालून सरळ बॅटरीवरून आलेली होती; चावी काढली तरी अॅम्प्लिफायर बॅटरी खात राहायचा. बुद्धघोषनं डिकी हळूच लावली. अंगात काहीतरी गरम चढत गेलं, आणि तो ते दाबायला गेला नाही.

"सर, तुमी शिकवता म्हणता, तर तुमीच शोधा," तो टेस्ट लॅम्प पुढं करत म्हणाला. "आमी बघतो."

दोन्ही ड्रायव्हर थांबले. शेजारचा चहावाला जोतीराम हात पुसत आला. सर उन्हात वाकले. कधी हेडलाइटची वायर ओढून बघ, कधी हॉर्नची. लॅम्प लागलेलाच. पाऊण तासानं त्यांचा शर्ट पाठीला चिकटला.

"असं नाही सापडत," ते म्हणाले.

बुद्धघोषनं एक फ्यूज उपसला. लॅम्प विझला. त्यानं डिकी उघडून वायर दाखवली. "ही चावीच्या पुढं जोडायची असती. ज्यानं अशी जोडली, त्याला पास करायचं का नापास?"

सरांनी त्याच्याकडं निरखून पाहिलं. "कोण तू?"

"चौऱ्याऐंशीची बॅच, हजेरीला एकोणीस नंबर. माझा दिवा लागला होता. एवढं ह्या लोकांसमोर म्हना, लगेच करून देतो."

सरांचा चेहरा काळवंडला. "माझी वायर मी बघून घेईन. लाव माझी बॅटरी."

बुद्धघोषनं आपली बॅटरी काढली, त्यांची उतरलेली परत बसवली आणि बाजूला झाला. ड्रायव्हरांनी गाडी ढकलत नेली. त्या दुपारी तो दोन भाकरी जास्त जेवला.

चौथ्या दिवशी तीच मोटार ट्रॅक्टरला साखळीनं बांधून आली. सरांनी घरी वायर तोडली होती. तिचं उघडं टोक पत्र्याला लागून फ्यूज उडाला, तर त्यांनी फ्यूजच्या जागी जाड तार घातली. डॅशबोर्डखालच्या सगळ्या वायरी जळून एकमेकींना चिकटल्या होत्या. गावातल्या दुसऱ्या दोन मेकॅनिकांनी गाडीला हात लावला नव्हता.

बुद्धघोष बाकावर बसून राहिला. उठला नाही.

सर बाकाजवळ आले. मग खाली बघत म्हणाले, "तुझा दिवा लागला होता."

"जोतीरामला ऐकू गेलं न्हाय."

"लागला होता," सर मोठ्यानं म्हणाले. "मी मुद्दाम नापास केलं."

स्टँडकडं जाणारी दोन-तीन माणसं वळून बघत थांबली. बुद्धघोष उठला, बॉनेट उघडलं आणि कामाला लागला. दोन दिवसांत त्यानं वायरचा सगळा जुडगा नवा ओवला. अॅम्प्लिफायर चावीच्या पुढं घेतला. मग टेस्ट लॅम्प लावून पाहिला. लॅम्प लागला नाही. काम चोख करायचं हे त्यानं पहिल्यापासून ठरवलेलं होतं. त्याच्या कामात खोट निघावी, एवढीही संधी त्याला सरांना द्यायची नव्हती.

गाडी न्यायला दोघं आले, इथूनच जळोचीला जाणार होते. सर किल्ली घेऊन आत बसले. सुधाताई बुद्धघोषपाशी थांबल्या.

"तुम्हाला मुद्दाम नापास केलं म्हणे. का, ते नाही सांगत घरी. काय बोलले होते तुम्हाला?"

बुद्धघोषनं सांगितलं. एक शब्द गाळला नाही, एक वाढवला नाही. आत बसलेल्या सरांना सगळं ऐकू येत होतं. त्यांनी काच वर केली.

सुधाताईंनी मागच्या सीटवरची आपली पिशवी काढून घेतली. "तुम्ही व्हा पुढं," त्या काचेतून नवऱ्याला म्हणाल्या, "मी एसटीनं येते." आणि त्या स्टँडकडं चालू लागल्या.

सरांनी चावी फिरवली. गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली. तरी ती बराच वेळ तिथंच घुरघुरत उभी होती. बुद्धघोष हात पुसत बघत राहिला. त्याला वाईट वाटलं नाही. बारामतीची एसटी फलाटाला लागली, तेव्हा सुधाताई रांगेत तिसऱ्या होत्या.