सुरक्षा चिप: आढळली नाही

मला कोणी नुसतं 'नाही' म्हटलं की माझं डोकं फिरतं. 'नाही'च्या मागोमाग कारण आलं तर मी मुकाट्याने ऐकून घेते, पण कोरडं 'नाही' मला पचत नाही. हा खोदून खोदून विचारण्याचा स्वभाव बाबांकडून आला असं सगळे म्हणतात. बाबा म्हणतात, आईकडून आला.

त्या शनिवारी 'नाही' म्हणाला तो माझा लॅपटॉप.

मी घरी बसून एका इस्पितळाचं काम करते. डॉक्टर तपासणी झाली की बोलून ठेवतात, मी कानाला हेडफोन लावून ते ऐकते आणि रिपोर्ट टाइप करते. नऊ वर्षं झाली. कोणता डॉक्टर बोलतोय ते मला आता नुसत्या खोकल्यावरून कळतं. तर आमच्या मॅडमचा निरोप आला की लॅपटॉपची नवी सिस्टीम येते आहे आणि एक तारखेपासून इस्पितळाचं काम फक्त त्या सिस्टीमवरच उघडेल. सोबत एक छोटा प्रोग्रॅम पाठवला होता. तो चालवायचा, आपल्या मशीनला नवी सिस्टीम झेपेल की नाही ते बघायचं आणि सोमवारपर्यंत कळवायचं. ज्यांना झेपणार नाही त्यांचं काम दुसऱ्याला दिलं जाईल.

मी प्रोग्रॅम चालवला. प्रोसेसर, हिरवी खूण. मेमरी, हिरवी खूण. डिस्कवरची जागा, हिरवी खूण. मग लाल फुली: सुरक्षा चिप, आढळली नाही.

नवा लॅपटॉप एवढ्यात घेणं शक्य नव्हतं, आणि घरात कमावणारी मी एकटी. पण खरं सांगायचं तर भीतीपेक्षा राग जास्त आला. कारण कंपनीच्या साइटवर माझ्या मॉडेलसमोर स्वच्छ लिहिलं होतं की सुरक्षा चिप आहे. आहे, तर मग गेली कुठे?

लॅपटॉप काखेत मारून दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्याने तोच प्रोग्रॅम चालवला, तीच लाल फुली बघितली आणि झाकण मिटलं.

"ताई, म्हातारा झाला हा. नवी सिस्टीम याला नाही झेपायची. नवा घ्या."

"पण कंपनी म्हणते चिप आहे."

"कंपनी काय, काहीही म्हणते."

"मग चिप नसेल तर तिची जागा तरी रिकामी दिसेल ना? उघडून बघू या."

त्याने माझ्यामागच्या गिऱ्हाइकाकडे बघितलं. "ताई, बघून काय चिप उगवणार आहे का?"

घरी आले तेव्हा बाबा खिडकीपाशी टॉर्च खोलून बसले होते. बाबांनी चाळीस वर्षं वायरमन म्हणून काम केलं. आमच्या बिल्डिंगमध्ये त्यांना फ्यूजकाका म्हणतात, आणि तो मान त्यांनी कमावलेला आहे. पण घरात त्यांचा एक नियम आहे आणि त्या नियमाने मला वीट आणलाय. जो स्विच कशाचा ते माहीत नाही, तो बंद ठेवायचा. आमच्या वॉशिंग मशीनला गरम पाणी येतं, हे मला तीन वर्षांनी कळलं. दोन वर्षांपूर्वी त्यांनी इंटरनेटच्या डब्यावरचं असंच काहीतरी बंद केलं, माझा अख्खा दिवस बुडाला, आणि मी त्यांच्यावर ओरडले होते, "यातलं तुम्हाला काही कळत नाही, हात लावत जाऊ नका!" तेव्हापासून त्यांनी माझ्या टेबलाकडे बघणंही सोडलं होतं.

म्हणून मी लॅपटॉप आदळला तरी ते टॉर्चच्या स्प्रिंगकडेच बघत राहिले. शेवटी मीच म्हटलं, "बाबा, समजा बल्ब लागत नाही. तर तुम्ही आधी काय बघता?"

"आधी बल्ब आहे का ते बघतो," ते मान वर न करता म्हणाले. "मग वीज येतेय का ते. लोक उलटं करतात. अंधार दिसला की म्हणतात, बल्ब गेला." मग चष्मा कपाळावर चढवून त्यांनी माझ्याकडे बघितलं. "का? काय लागत नाहीये?"

मी सगळं सांगितलं. लाल फुली, मॅडमचा निरोप, सोमवार. त्यांनी एकच विचारलं, "चिप कुठे असते?"

"माहीत नाही. पण नेटवर आतला फोटो आहे."

"मग बसलीस काय? पान्ह्यांच्या डब्यातला बारीक स्क्रू-ड्रायव्हर आण."

हात त्यांचे आता थरथरतात, म्हणून स्क्रू मी काढले. ते शेजारी उभे राहून हुकूम सोडत होते. "ओळीने ठेव. ज्या जागेचा स्क्रू त्या जागी. ताटलीत घालून खिचडी करू नकोस." नऊ स्क्रू असायला हवे होते. निघाले आठ.

"एक कुठे गेला?" मी म्हटलं.

बाबा जरा जास्तच लक्ष देऊन खोललेला टॉर्च जोडू लागले.

खालचं झाकण नखाने उचकटलं आणि उताणं ठेवलं. आत हिरवी पाटी, पंखा, त्यावर धुळीचा थर. बाबा माझ्या मोबाइलमधल्या फोटोवर बोट ठेवत, मग पाटीवर बोट नेत हळूहळू पुढे सरकले. ते असं काही शोधताना श्वाससुद्धा बेताने घेतात. मीही वाकले. दोघांची डोकी एकमेकांवर आपटली.

"ही बघ," ते म्हणाले. त्यांनी धरलेल्या भिंगाखाली नखाच्या निम्म्याएवढा काळा चौकोन होता. आकडा फोटोतल्यासारखाच होता.

"आहे की!" मी ओरडलेच. "मग हा मेला 'आढळली नाही' का म्हणतो?"

"बल्ब आहे," बाबा म्हणाले. "म्हणजे स्विच बंद आहे. कोणत्या शहाण्याने बंद केला?"

आणि तेव्हा मला ते दिसलं. काढून ठेवलेल्या झाकणाच्या आतल्या बाजूला, पंख्यापासून लांबच्या कोपऱ्यात, चिकटपट्टीने लावलेला एक कागद. बाबा आयुष्यभर प्रत्येक बोर्डाच्या दाराच्या आत असाच कागद लावत आले. नंतर येणाऱ्या माणसाला कळावं, कोणती तार कुठली, काय चालू, काय बंद. अक्षर त्यांचंच. वर आठ वर्षांपूर्वीची तारीख होती, लॅपटॉप घरी आला त्याच आठवड्यातली.

मी मोठ्याने वाचलं.

"नवा लॅपटॉप. उघडून पाहिला. जोडणी ठीक. एक स्क्रू हरवला. चालू होताना दिसणाऱ्या यादीतून बंद केलेले: एक, सुरुवातीचा आवाज. दचकवतो. दोन, नेटवरून आपोआप चालू होणे. कोण करणार? तीन, सुरक्षा चिप. कशासाठी ते माहीत नाही. पोरीला विचारणे."

ज्या शहाण्याला आम्ही शोधत होतो तो माझ्या शेजारी टॉर्च धरून उभा होता.

"नवाकोरा लॅपटॉप उघडलात?" मी म्हटलं. "वॉरंटीत असताना?"

"नवी वस्तू आत कशी आहे ते बघायला नको?"

"आणि हे तीन नंबरचं? मला विचारायचं होतं ना. मग विचारलं का नाही?"

"विचारलं होतं," बाबा म्हणाले. रागाने नाही, नुसतं सांगितल्यासारखं. "तू हेडफोन लावून बसली होतीस. हाताने 'नंतर' म्हणालीस."

मला ते आठवत नव्हतं. पण तो हात मला माहीत होता. मान न वळवता, बोटं झटकून केलेला. मी तो दिवसातून दहादा करते. मला मनापासून लाज वाटली, आणि मी तसं म्हटलंही. "चुकलं माझं, बाबा."

"चुकलं माझंही," ते म्हणाले. "कळत नाही म्हणून बंद केलं. आता स्क्रू लावायच्या आधी ते काम कर. काम झालं हे बघितल्याशिवाय झाकण लावू नये."

लॅपटॉप तसाच एका बाजूवर उभा धरून चालू केला. चालू होताना कोणतं बटण दाबायचं ते बाबांना अजून पाठ होतं. निळा पडदा आला, यादी आली. सुरक्षा चिप: बंद. मी बाण तिथपर्यंत नेला आणि थांबले. म्हटलं, "तुम्ही दाबा." त्यांनी उजव्या हाताला डाव्याचा आधार दिला आणि बटण दाबलं.

प्रोग्रॅम पुन्हा चालवला. चार हिरव्या खुणा. मी तिथल्या तिथे मॅडमना कळवून टाकलं की माझ्या मशीनला झेपतं.

झाकण लावायला घेतलं तर बाबांनी ते माझ्या हातातून ओढून घेतलं, पेन मागितलं आणि कागदावर खाली लिहायला लागले. वेळ लागला. अक्षर आता वाकडं येतं. मी हेडफोन बाजूला सारून थांबून राहिले.

आजची तारीख. 'तीन नंबर चालू केला.' पुढे 'कारण' लिहून त्यांनी पेन उचललं, जरा विचार केला आणि मग एका दमात लिहिलं:

'पोरीने विचारले.'