रिकामं वजन

तीन लाख गुंतवायचे, सहा वर्षं थांबायचं आणि अकरा लाख ऐंशी हजार उचलायचे. काटेकाकांनी हा आकडा वहीत इतक्या वेळा तपासला होता, की ते पान आता आपोआप उघडायचं. अकरा लाखांत तिसऱ्या मजल्यावरची खोली सोडून तळमजल्यावर जाता येत होतं, काकूंच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन बसत होतं आणि ही कंपनी सुचवणाऱ्या मेव्हण्याला एक बरंसं घड्याळ घेता येत होतं. सुचवल्याबद्दल मेव्हण्याला कंपनीकडून नऊ हजार मिळाले होते, ते मात्र वहीत नव्हते. ते त्याने सांगितलेच नव्हते.

कंपनी कचऱ्याचं खत करायची. ओला कचरा ढिगात सडला की त्यातून वायू सुटतो आणि हवा तापते. तोच कचरा खाली-वर करत त्याचं खत केलं की तेवढा वायू सुटायचा राहतो. न सुटलेल्या वायूच्या दर टनाला एक कार्बन क्रेडिट, आणि तपासणी झाली की ते क्रेडिट दूरदूरचे धूर सोडणारे कारखाने पैसे देऊन विकत घेतात.

"म्हणजे न झालेल्या गोष्टीचे पैसे," काकू म्हणाल्या होत्या. "मग मी जन्मभर न केलेल्या हट्टांचे कोण देणार?"

"तुझी तपासणी कोण करणार?" काका म्हणाले होते.

तपासणीवर काकांचा फार जीव. चौतीस वर्षं ते धान्याच्या गोदामात वजनकाट्यावर होते. भरलेला ट्रक काट्यावर घ्यायचा, आकडा लिहायचा. माल उतरला की तोच ट्रक पुन्हा काट्यावर. वजाबाकी झाल्याशिवाय पावती नाही. एकदा साहेबांच्या जावयाचा ट्रक त्यांनी दीड तास अडवला होता. बढती त्यानंतर नऊ वर्षांनी आली.

कंपनीने छोट्या गुंतवणूकदारांना प्रकल्प बघायला बोलावलं ते नेमकं तपासनीस बाई येणार त्याच दिवशी. बाईंची सही झाली की क्रेडिटची पहिली खेप विकली जाणार होती. तेवीसजण मिनीबसमधून उतरले आणि सगळ्यांनी एकदम नाकाला रुमाल लावले. काकांनी लावला नाही. खताच्या लांबच लांब रांगांतून वाफ निघत होती आणि त्यांना त्यात तळमजल्याचा दरवाजा दिसत होता.

"दाजी, वास कसला येतोय माहितीये?" मेव्हणा कानाशी येऊन म्हणाला. "नोटांचा."

"नोटा धुऊन घे मग," काका म्हणाले, पण हसले.

कचऱ्याची गाडी काट्यावर आली. काट्याच्या खोलीच्या खिडकीवरच्या पाटीत लाल आकडे उमटले: नऊ हजार दोनशे चाळीस.

"सव्वानऊ टन कचरा," मॅनेजर बाईंना म्हणाला. "दिवसाला अशा बारा गाड्या येतात, मॅडम."

बाईंनी लिहून घेतलं. गाडीने कचरा ओतला, आणि वळसा वाचावा म्हणून केलेल्या मागच्या फाटकातून ती निघून गेली.

"रिकामं वजन?" काकांनी विचारलं.

त्यांनी विचारलं असं म्हणणंही जास्तच होईल. शिंक यावी तसं ते आलं.

मॅनेजर हसला. "काका, ते सगळं सिस्टिम बघते."

बाईंचं पेन थांबलं. "सिस्टिममध्ये दाखवा बरं."

सिस्टिममध्ये भरलेल्या गाड्यांचे आकडे होते, अगदी पहिल्या दिवसापासून, सुबक रकान्यांत. रिकाम्या गाडीचा रकानाच नव्हता. फोन करून गाडी परत बोलावली. सहा हजार एकशे ऐंशी. कुणी मोबाइल काढायच्या आत काकांच्या तोंडून उत्तर निघालं, "तीन टन साठ किलो."

बाकीचं लोखंड. इतके महिने कंपनी गाडीच्या लोखंडाचंही खत करत होती. मॅनेजरला हे ठाऊक होतं की नव्हतं, यावर परतीच्या बसमध्ये बराच वाद झाला. गुंतवणूकदारांना दोन्ही उत्तरं सारखीच महागात पडणार होती.

"तुम्हाला कुणी विचारलं होतं का हो?" पुढच्या सीटवरच्या निवृत्त नर्सबाई मागे वळून म्हणाल्या. "माझी ग्रॅच्युइटी आहे त्यात."

"दाजी, दोन मिनिटं," मेव्हणा म्हणाला. "फक्त दोन मिनिटं गप्प बसायचं होतं."

काकांना राग वेगळ्याच गोष्टीचा होता. वहीच्या त्या पानावर ते आठ महिने कंपनीच्या पत्रकातले आकडे घेऊन बारा गुणिले सव्वानऊ करत होते. जन्मभर परक्यांच्या ट्रकांचं रिकामं वजन वजा करणाऱ्या माणसाने स्वतःच्या पैशाला हा प्रश्न विचारला नव्हता. विचारला तो आज, आणि बाईंसमोर.

क्रेडिट अडकलं. काका ऑफिसात चार वेळा गेले. पहिल्यांदा चहा मिळाला, दुसऱ्यांदा फॉर्म, तिसऱ्यांदा तोच फॉर्म, चौथ्यांदा कुलूप. शेवटी पत्र आलं की गुंतवणुकीपोटी प्रत्येकाला खताच्या वीस गोण्या मिळतील, वाहतूक ज्याची त्याने करावी. काका दोन गोण्या घेऊन आले. एक दुकानाच्या काट्यावर ठेवून पाहिली. बरोबर पन्नास किलो भरली.

"खत चांगलंय गं," ते काकूंना म्हणाले.

"मग घाला की. कुंडी एकच आहे."

परवा दोघं बाजारातून परतले. जिन्याच्या पहिल्या वळणावर काकू कठडा धरून थांबल्या. काकांनी त्यांच्या हातातली पिशवी घेतली.

"गप्प बसलो असतो तर," ते म्हणाले.

"हे रोज सांगू नका. जमलं असतं तुम्हाला?"

"नाही."

"मग चला."

मेव्हण्याचे नऊ हजार त्याच्याकडेच राहिले. मॅनेजरला दुसऱ्या कंपनीत नोकरी लागली, पगार थोडा जास्तच. तपासनीस बाईंना त्यांची फी मिळाली. तीन लाख काकांचे गेले. पायऱ्या बासष्ट होत्या आणि त्या काकू चढत होत्या, एका वेळी एक, दोन्ही पाय टेकवून.