डबल बेल

आमच्या घरात देवांच्या फोटोंपेक्षा आबांच्या प्रशस्तिपत्रकांना जास्त अगरबत्त्या मिळतात. आबा म्हणजे माझे सासरे, आबासाहेब. एसटीत ड्रायव्हर होते. सोलापूर ते दुधनी या रस्त्यावर त्यांची उभी हयात गेली. डेपोत सगळ्यांत कमी डिझेल जाळणारा ड्रायव्हर म्हणून त्यांना नारळ, टोपी, टॉवेल आणि हे फ्रेम केलेले कागद मिळाले. डिझेल वाचवायचं कसं, असं कुणी विचारलं की आबा खुर्चीत सरळ बसतात. थांबा दिसला की गाडी नुसती वाहू द्यायची आणि थांबली रे थांबली की इंजिन बंद. म्हातारी कोंबड्या घेऊन चढेपर्यंत फुकट डिझेल कशाला जाळायचं, असं त्यांचं म्हणणं.

त्यांचे कंडक्टर होते इमामसाब. दोघांची ड्यूटी इतकी वर्षं एकत्र लागली की डेपोत त्यांना नवरा-बायको म्हणून चिडवायचे. गाडीची बेल बऱ्याचदा तुटलेली असायची. मग इमामसाब दारात उभे राहून पत्र्यावर दोनदा हात मारायचे. ती डबल बेल, म्हणजे चला. दोघं रिटायर झाले तरी ही सवय काही सुटली नाही. आबा इमामसाबांच्या घरून निघाले की ते दाराबाहेर येणार आणि रिक्षा असो नाहीतर कुणाची जीप, पत्र्यावर दोनदा हात मारणार. लग्नानंतर नवीन होते तेव्हा मी एकदा तिथून निघताना रिक्षावाल्याला घाई केली, तर आबा म्हणाले, "थांब की पोरी. बेल कुटं झाली अजून?"

आता आमच्या घरच्या गाडीबद्दल. ती माझ्या यजमानांची हौस. पृथ्वीराजांचं नवी पेठेत चादरी-टॉवेलचं दुकान आहे आणि ते पूर्वीसारखं चालत नाही. म्हणून त्यांनी एक छोटी एसयूव्ही घेतली, टर्बो इंजिनाची, दोन मालकांच्या हातून आलेली. अक्कलकोट, गाणगापूर, तुळजापूर अशी भाविकांची भाडी करायची, असा बेत होता. घेताना मी म्हणाले होते, बाजारात एवढी स्वस्त कोण देतं? पण माझ्यासारख्या शाळामास्तरणीचं घरात कोण ऐकतं!

पहिल्याच वर्षात क्लच गेला. मग पुढच्या चाकांचे बुश, मग एक इंजेक्टर. डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा तर आमच्या नंदादीपासारखा, कधी विझायचाच नाही. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, दुसरं काय.

त्या गाडीचं एकच नशीब चांगलं होतं. तिला ड्रायव्हर चांगला मिळाला. आवेज, इमामसाबांचा धाकटा मुलगा. तो गाडी आणून अंगणात उभी करायचा आणि स्टिअरिंगवर बोटं वाजवत बसून राहायचा. इंजिन चालूच. आबांना ते बघवायचं नाही.

"डिझेल काय तुज्या बापानं साठवून ठेवलंय व्हय रं?"

"चाचा, इंजिनाला जोर देणारी ती टर्बो लई तापलेली असती," आवेज हसून सांगायचा. "लगेच बंद केलं की तेल थांबतं, अन् आतला दांडा तसाच गरगर फिरत राहतो. कोरडा. जळून जाईल की."

"मला शिकवतोस? तुज्या बापाला इचार मी कोण हाय ते!"

आवेज संध्याकाळी घरी गेला की आबा किल्ली घ्यायचे. हायवेला जोरात एक चक्कर मारायचे. येताना फाटकाच्या बाहेरच इंजिन बंद करून गाडी नुसती वाहवत अंगणात आणायचे, आवाज न करता. उतरताना चेहरा असा, जणू आजही बक्षीस मिळणार आहे. सोलापूरजवळच्या कुंभारीतल्या आमच्या गल्लीत कुणी त्यांना अडवणारं नव्हतं.

मे महिन्याच्या सुट्टीत मी माहेरी बार्शीला होते, तेव्हा ती गाडी दुधनीच्या पुढे बंद पडली. आत गाणगापूरला निघालेलं एक कुटुंब होतं. निळा धूर, मग कसलीशी शिट्टी, मग गाडीत जोरच नाही. पृथ्वीराजांनी फोनवर एवढंच सांगितलं. कंपनीच्या वर्कशॉपनं सांगितलेला खर्च गाडीच्या जवळजवळ निम्म्या किमतीचा होता. शेवटी अक्कलकोट नाक्यावरच्या अतीक मेस्त्रीकडे गाडी टाकली. टर्बो, तिला तेल नेणाऱ्या नळ्या आणि हवा गार करणारा, आता तेलानं भरलेला इंटरकूलर, हे सगळं तो लाखाच्या आत बसवून देणार होता. मी परत आले तेव्हा आवेज कामावर नव्हता. गाडीच नाही तर ड्रायव्हर कशाला येईल, असं मला वाटलं.

त्याच दुपारी इमामसाब आले. एसटीच्या थांब्यावरून उन्हातून चालत आले होते, टोपी घामानं ओली. मी पाणी दिलं, ते त्यांनी हातातच धरून ठेवलं. आबा समोर खुर्चीत होते, पृथ्वीराज हिशेब करत होते.

"आबासाहेब," इमामसाब म्हणाले, "पोरानं मला मान खाली घालाया लावली. तुमचं मीठ खाऊन तुमची गाडी जाळली. मी त्याला घरात ठेवला न्हाय. लोकं म्हणतील, इमामसाबचा पोरगा असला निघाला. मी माफी मागाया आलोय."

त्यांनी खरोखर हात जोडले. ज्या माणसानं तिकिटात कधी चार आणे इकडचे तिकडे केले नाहीत, तो हात जोडून उभा होता. आबा पायातल्या चपलांकडे बघत राहिले. पृथ्वीराज म्हणाले, "असू दे चाचा, झालं ते झालं." इमामसाबांनी पाणी न पिता ग्लास खाली ठेवला आणि गेले. आबा उठले नाहीत. त्यांना दारापर्यंत कुणीच सोडायला गेलं नाही.

मी पृथ्वीराजांना विचारलं, "काय केलं आवेजनं?"

"अतीकनं टर्बो उघडून दाखवली. दांडा जळून काळा पडलाय. गरम असताना गाडी बंद केली की असं होतं. ड्रायव्हरनंच जाळली."

"कुठल्या ड्रायव्हरनं?"

घरात ड्रायव्हर दोन होते आणि हे त्या खोलीतल्या तिघांनाही माहीत होतं. पृथ्वीराजांनी माझ्याकडे असं बघितलं की बस, आता पुढे बोलू नकोस. मला असा संताप आला की हातातला तांब्या मी टेबलावर आपटला.

"ते पोर इंजिन चालू ठेवतं म्हणून याच अंगणात शिव्या खात होतं! आणि तुम्ही त्याला काढलंत?"

"ऋतुजा, गप." हा आवाज आबांचा होता. ते खुर्चीत पुढे सरकले. मग म्हणाले, "पृथ्वी, मीच बंद करत हुतो. रोज."

"मला माहितीये, आबा."

आबांनी मान वर केली.

"आवेजनं मला दोनदा सांगितलं होतं," पृथ्वीराज म्हणाले. "दादा, आबांना जरा समजावा, माझं ऐकत न्हाईत म्हणून. मी कुठल्या तोंडानं सांगणार होतो तुम्हाला? भिंतीवर एवढे कागद लावलेत. मेस्त्रीच्या गॅरेजात सगळा नाका जमलेला. तुमचं नाव सांगितलं असतं तर उद्या नवी पेठेत पोरं हसली असती. आवेज तरुण आहे, त्याला कुठंही काम मिळेल. मी त्याला इथंच, तुमच्यासमोर विचारलं. तोही काही बोलला नाही. तुमच्याकडे बघितलं, किल्ली ठेवली आणि गेला."

बापाची अब्रू राखली, असं त्यांना वाटत होतं. मला त्या दोघांचीही लाज वाटली आणि कीवही आली. रात्री आबा जेवले नाहीत. हॉलमध्ये गेले आणि एकेक फ्रेम काढून पलंगाखाली सरकवली. भिंतीवर चौकोनी पांढरे डाग राहिले.

गाडी दुरुस्त होऊन आली त्या सकाळी आबा म्हणाले, "ऋतुजा, मला इमामसाबकडं घिऊन चल." किल्ली त्यांनी माझ्या हातात दिली. ते शेजारी बसले आणि आम्ही सोलापुरात शिरलो. विजापूर वेशीजवळच्या गल्लीत मी गाडी थांबवली आणि किल्लीला हात लावला, तर म्हणाले, "न्हाय. चालू राहू दे जरा." आम्ही तसेच बसलो. मग त्यांनी मान हलवली, तेव्हा मी इंजिन बंद केलं.

इमामसाब बाजेवर होते. त्यांच्या बायको खातूनबी खाली बसून तांदूळ निवडत होत्या. आबा बसले नाहीत. उंबऱ्याच्या आत उभं राहून त्यांनी सगळं सांगितलं, एका दमात. गाडी मी जाळली, आवेजनं मला सांगून बघितलं, मी ऐकलं न्हाय, अन् त्याच्यावर आळ आला तवा मी गप बसलो. शेवटी म्हणाले, "त्याला बोलीव. मी पायाबी पडतो त्याच्या."

इमामसाब रागावले असते तर बरं झालं असतं. ते हळू आवाजात बोलले.

"आवेज घरी आला त्या दिशी. म्हणला, अब्बा, मी न्हाय केलं. मी इचारलं, मग कुणी केलं? त्यानं नाव घेतलं न्हाय. मी इचारलं, आबासाहेब हुते का तितं? म्हणला, व्हय, समोरच हुते. मी इचारलं, मग ते काय म्हणले? तो म्हणला, कायच न्हाय." इमामसाबांनी बाजेची दोरी चाचपली. "मी त्याला म्हणलं, आबासाहेब गप बसले म्हंजे चूक तुजीच. ते खोट्याला गप बसायचे न्हाईत. नीघ माज्या घरातनं."

आबांनी भिंतीला हात टेकला.

"कुटं हाय तो?"

"गुजरातकडं. कंटेनरच्या गाडीवर ड्रायव्हर." हे खातूनबी म्हणाल्या, तांदळातून वर न बघता. "माझा फोन उचलतो. ह्यांचा न्हाय."

"आपण सांगू की त्याला," आबा म्हणाले. "मी सांगतो. आत्ता लावा फोन."

"तुमचं काय सांगायचं ऱ्हायलंय, आबासाहेब?" इमामसाब म्हणाले. "त्याला तुमच्याकडनं कायच ऐकायचं न्हाय. त्याला त्याच्या बापाकडनं ऐकायचं हुतं." आणि ते बाजेवर भिंतीकडे तोंड करून आडवे झाले, चपला पायातच राहिल्या.

खातूनबींनी चहाचं विचारलं नाही. इतक्या वर्षांत त्या घरातून आम्ही चहाशिवाय पहिल्यांदाच बाहेर पडलो.

मी गाडी चालू केली. आबांनी पट्टा लावला आणि काच खाली घेतली. मी गिअर टाकणार, तेवढ्यात त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. मला आधी कळलं नाही. मग त्यांची नजर आरशात दिसली, त्या घराच्या दाराकडे लागलेली. दारात कुणी नव्हतं.

मागून एक रिक्षावाला हॉर्न वाजवायला लागला. गल्ली अरुंद होती.

"निघायचं का, आबा?"

"थांब की पोरी," ते म्हणाले. "बेल कुटं झाली अजून."

मी पाय ब्रेकवर ठेवून बसून राहिले. इंजिन चालू होतं, आणि डिझेल जळत होतं, आणि आबा काही बोलत नव्हते.