तक्त्याच्या शेवटच्या ओळी

मित्रांनो, मी एक जुनी खोली आहे आणि मला चार पाय आहेत. हसू नका. मी ट्रकच्या पाठीवर बसून गावोगाव फिरणारी खोली. माझ्या चार कोपऱ्यांना चार जॅक आहेत. मुक्कामाला पोचलं की त्यांच्यावर मला उचलायचं आणि खालून ट्रक काढून न्यायचा. माझा मालक चष्मे बनवून विकणारा चष्मेवाला होता. त्याने दोन हिवाळे खपून मला बांधलं, आत बाक आणि बेसिन बसवलं, आणि भिंतीवर वरून खाली लहान होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता लावला.

ट्रक गेला की चष्मेवाल्याचं खरं काम सुरू व्हायचं. तो चारही जॅक फिरवून मला खाली आणायचा, पार गुडघ्याच्या उंचीपर्यंत. पोटाखाली दोन जाड लाकडी घोडे, म्हणजे ओझं पेलणारे चौपायी टेकू, सरकवायचा आणि प्रत्येक पायाखाली फळी घालायचा. मग बाकावर पाण्याची ताटली ठेवून मी सरळ आहे का ते पाहायचा. हे सगळं होईपर्यंत कोणालाही आत पाऊल टाकू देत नसे, पोटच्या मुलीलाही नाही. "पाय उचलण्यापुरते आहेत गं. राहायचं तर पोट टेकलेलं हवं," असं तो तिला सांगायचा. लोक कौतुक करायचे. बावीस वर्षांत माझा साधा आरसाही फुटला नाही.

मग मुलीचं लग्न झालं आणि जावई धंद्यात आला. बोलण्यात गोड, पण त्याला दम म्हणून नव्हता. रोज खाली उतरवा, रोज वर चढवा, कोणी सांगितलंय, असं म्हणून तो मला तशीच उंच ठेवू लागला. दाराला शिडी लावली. बेसिनचं पाणी बादलीत न धरता मागच्या पायाशी सोडून दिलं. आणि घोड्यांवर माझ्याच पायांखालच्या फळ्या टाकून त्याने बाहेर चष्म्यांच्या फ्रेमा मांडायचं टेबल केलं. दुकान कसं उठून दिसतं, असं लोक म्हणाले. तेच लोक, मित्रांनो, ज्यांनी आधी ताटलीचं कौतुक केलं होतं.

चष्मेवाला रोज टोकायचा. "बाबा, तुम्ही आता आराम करा," असं जावई हसून म्हणायचा आणि कानाडोळा करायचा.

एका सकाळी मुलगी आत तीन गिऱ्हाइकांचे डोळे तपासत होती. बाकावरची पेन्सिल आपोआप दाराकडे घरंगळत गेली. मागची, दाराखालची माती पाणी पिऊन मऊ झाली होती आणि माझा एक पाय तिच्यात रुतत होता. मला कळत होतं, पण मला ओरडता येत नाही. चष्मेवाल्याने बाहेरून ते पाहिलं. त्याने फ्रेमांसकट टेबल उलटं केलं, घोडा उचलला आणि वाकून माझ्याखाली शिरला.

"आत सगळे बसून राहा, दाराकडे कोणी येऊ नका," एवढंच तो म्हणाला.

घोडा जागेवर बसला आणि त्याच क्षणी माझा पाय वाकला. मी घोड्यावर टेकले. आतल्या कोणाला खरचटलंही नाही. पण घोडा आणि मी, यांच्यामध्ये त्याचा उजवा हात होता. त्याच हाताने तो भिंगं घासायचा. माझं सगळं ओझं त्या हातावर आलं, हे मी कधीही विसरणार नाही.

हात गेला. जावई मात्र सांगत फिरला की या वयात खाली शिरायची हौस कशाला, खोलीच अपशकुनी आहे. आणि मुलगी, जी त्या हातामुळे जिवंत होती, खाली मान घालून गप्प बसली. मला जावयापेक्षा तिचा राग जास्त येतो.

मी अंगणाच्या कोपऱ्यात पडले. चष्मेवाला एकदाच आला, रंगाचा डबा घेऊन. डाव्या हाताने त्याने माझ्या दारावर लिहिलं, त्या तक्त्यासारखं, वर मोठं आणि खाली लहान होत जाणारं: आधी खाली उतरवा. पोटाखाली घोडे द्या. पायांखाली फळ्या. मग आत या. शेवटच्या ओळी वेड्यावाकड्या आल्या, तेव्हा तो तिथेच बसून रडला.

पुढच्या वर्षी तो गेला. जावयाने वाकलेला पाय बदलला आणि मला विकायला काढलं. गिऱ्हाईक बिचकेल म्हणून दारावर निळ्या रंगाचे दोन हात मारले. मला घ्यायला आई, वडील आणि दोन लहान मुली आल्या. जावई म्हणाला, "नुसत्या पायांवर झकास उभी राहते. वर हवाही छान येते."

घोडे त्याने दिलेच नाहीत. त्याचं टेबल अजून त्यांच्यावरच आहे.

मित्रांनो, मी आता एका ओढ्याकाठी उंच उभी आहे. ट्रक बाजाराला गेलाय. मुली आत उड्या मारतायत आणि मागचा पाय हळूहळू रुततोय. तुमच्यापैकी कोणी इकडून जात असेल तर माझ्या दारावरचा निळा रंग नखाने खरवडा. आणि त्या मुलींना आधी बसायला सांगा.