ओठ ओढू नका, अक्का

मी धुरपदाबाईंच्या, म्हणजे गल्लीच्या अक्कांच्या, खालच्या जबड्यातला हाडाचा तुकडा बोलतोय. चिंचोक्याएवढा आहे, पण डोकं पार फिरलंय माझं.

जन्म अक्कलदाढेमागच्या अंधाऱ्या कोपऱ्यातला. पन्नास वर्षं तिथं निवांत होतो. म्हशीच्या शिंगाने अक्कांचे पुढचे खालचे तीन दात गेले, तेव्हाही मला धक्का लागला नाही. अक्कांनी मात्र सात वर्षं तिकडे लक्षच दिलं नाही, आणि दातांवाचून तिथलं हाड झिजून पापडासारखं पातळ झालं. आमच्या सोनगीर गावात श्रावणात कानबाई देवीचा उत्सव असतो, तिच्या गाण्यांत पहिला सूर अक्कांचा असायचा. आता फटीतून वारा सुटे, शब्द विरून जात. तोंडाला पदर लावून त्या मागे बसू लागल्या. ते मला लागलं.

धुळ्याच्या डॉक्टर नूतनताई म्हणाल्या, इंप्लांट, म्हणजे दाताचं कृत्रिम मूळ, बसवायला आधी हाड हवं. त्यांनी मला मागून कापून पुढे आणलं, दोन बारीक स्क्रूंनी आवळलं, फटींत हाडाची भुकटी भरली, वर पातळ पडदा घातला आणि हिरडी शिवली. पाच महिन्यांत मी जुन्या हाडाशी एकजीव व्हायचं. अट एकच: ओठ ओढून टाके बघायचे नाहीत.

कसलं काय! आमच्याकडे माणूस दवाखान्यातून आलं की अख्खी गल्ली भेटायला येते, आणि डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कुणाचं समाधान होत नाही. चहा झाला की शेजारच्या मंदाबाई म्हणत, "अक्का, दखाड ते खरी, कसं शे." की गेलं अक्कांचं बोट ओठात. अक्कांचे मालक लोटनभाऊ तर वर बॅटरी धरत. आठवडाभरात सगळं सोनगीर मला पाहून गेलं.

नवव्या दिवशी टाका सुटला. मी उघडा पडलो. चहा काय, भाकरीचे कण काय, सगळं अंगावर. अहो, हाडाला रक्त मिळालं नाही तर ते मरतं, हे या लोकांना सांगायचं कुणी? नूतनताईंनी पुन्हा शिवलं आणि शांतपणे म्हणाल्या, "आता सुटला तर हा तुकडा काढून टाकावा लागेल, अक्का."

मी पाच महिने तग धरला. परवा स्क्रू काढून मला भोकं पाडली, तेव्हा रक्त आलं. म्हणजे हाड जिवंत आहे, असं नूतनताई म्हणाल्या. आता माझ्या पोटात दोन इंप्लांट आहेत. अजून तीन महिने थांबायचं, मग दात, मग श्रावणात कानबाई.

तेव्हा मंडळी, कुणाच्या तोंडात हाड रुजत असेल तर भेटायला जा, केळी न्या, गप्पा मारा. पण ओठ मिटलेला राहू द्या, एवढी दया करा.

काल मंदाबाई आल्याच. लोटनभाऊ बॅटरी शोधायला उठले. अक्कांचं बोट ओठाला टेकलं आणि मी जीव मुठीत धरला. पण ओठ काही उघडला नाही. बोट बाजूला झालं आणि अक्कांचा आवाज माझ्या अंगातून गेला, "कानबाईना गाना म्हनसू, तवय देखजो."