मालनबाईंनी माझी ओटी भरली

मित्रांनो, मला हात नाहीत, त्यामुळे नमस्कार करता येत नाही. पाय नाहीत, त्यामुळे पळूनही जाता आले नाही. देवाने दिले ते एकच तोंड, आडवे आणि रुंद, आणि त्यात लोकांनी आयुष्यभर कॅसेटी कोंबल्या. मी एक जुना व्हीसीआर. तुमच्यातल्या कित्येकांनी मला पाहिलेही नसेल. परवा घरातल्या लहान मुलीने माझ्याकडे बोट दाखवून विचारले, "हा कशाचा डबा?" मी राग गिळला. गिळायची मला सवयच आहे.

माझा जन्म जपानातला. पांढरे हातमोजे घातलेल्या मुलींनी मला जोडले. तिथे माझ्यावर धुळीचा कण बसू देत नसत. पुढे मी दुबईला गेलो, तिथून मुंबईला आलो, आणि शेवटी एका ट्रकच्या केबिनमध्ये गोधडीत गुंडाळलेला असा वडीगोद्रीला उतरलो. हमरस्त्याला लागून पुंजारामचे सायकलचे दुकान होते. धुळीचा पहिला घास मी तिथेच खाल्ला.

दुकानामागे पत्र्याचे शेड होते. खिडक्यांना गोणपाट लावले की भर दुपारी अंधार व्हायचा. रंगीत टीव्ही वर, मी त्याच्या खाली, आणि पुढे सतरंजीवर अख्खे गाव. धार्मिक पिक्चर असला की लोक चपला बाहेर काढायचे. देव दिसला की बायका जागच्या जागी हात जोडायच्या. उदबत्तीचा धूर मात्र थेट माझ्या तोंडात जायचा. आरती टीव्हीची व्हायची, घाम मला फुटायचा. तरी ते माझे सुखाचे दिवस होते.

पुंजारामच्या आईचे नाव मालनबाई. दर मंगळवारी त्यांच्या अंगात देवी यायची. हरवलेला बैल कुठे सापडेल, रडके पोर कशाने गप्प होईल, हे विचारायला वाड्यावस्त्यांवरून माणसे यायची. मालनबाई कुणाकडून सुपारीचे खांडही घेत नसत. पण त्यांना स्वतःला महिनोन्महिने खोकला होता, आणि गावाची दुखणी सांगणारी देवी या खोकल्याबद्दल अवाक्षर काढत नव्हती.

गावाबाहेर लिंबाच्या झाडाखाली मिशनचा छोटा दवाखाना होता. तिथे सिस्टर रोझमेरी होत्या, नेवाशाकडच्या. त्यांनी मालनबाईंची थुंकी तपासायला पाठवली आणि सांगितले, टीबी आहे. गोळ्या रोज घ्यायच्या, दवाखान्यात येऊन सिस्टरांच्या डोळ्यांदेखत. एक दिवसही खाडा नको. मध्येच सोडल्या तर दुखणे उलटते आणि मग त्याला आवरणे कठीण. मालनबाई रोज जाऊ लागल्या. दोन महिन्यांत खोकला उतरला, अंगावर मूठभर मांस आले. पुंजारामला सिस्टरांचे उपकार कसे फेडावे ते कळेना. शेवटी त्याने ठरवले की नाताळला त्यांना त्यांच्या देवाचा पिक्चर दाखवायचा, सगळ्या गावासकट आणि फुकट.

त्यासाठी तो जुन्या जालन्याला गेला. कॅसेटच्या दुकानात म्हणाला, "येशूचा एखादा धार्मिक पिक्चर द्या. एकदम कडक."

दुकानदाराला घाई होती. त्याने वेष्टणावर क्रूस पाहिला आणि कॅसेट काढून दिली. वेष्टणावर काळा झगा घातलेले एक फादर हातात क्रूस धरून उभे होते आणि मागून उजेड येत होता.

"ह्याच्यात देव हाय ना बराबर?" पुंजारामने विचारले.

"पहिल्यापासून शेवटपर्यंत देवाचंच नाव घेऊन राह्यलेत," दुकानदार म्हणाला. तो खोटे बोलला नाही.

नाताळची दुपार आली. समोर सिस्टरांसाठी खुर्ची मांडली होती, तिच्यावर धुतलेला टॉवेल होता. पण ऐन वेळी लांबच्या वस्तीवरून बाळंतपणाचा निरोप आला आणि सिस्टर तिकडे गेल्या. गाव जमले होते, नारळ फुटला होता. पुंजारामने कॅसेट माझ्या तोंडात सरकवली.

पिक्चर इंग्रजी होता. त्याची काळजी नव्हती, कारण आमच्याकडे अप्पाराव होते. अप्पाराव भजनात वीणा धरायचे, आणि परभाषेतला पिक्चर असला की पुढे उभे राहून अर्थ सांगायचे. त्यांना इंग्रजीचे अक्षरही येत नव्हते, पण त्यांचे कधी अडले नाही.

"ही येशूची मायसाहेब," पडद्यावरच्या एका बाईकडे बोट दाखवून ते म्हणाले. सगळ्यांनी हात जोडले. "ही लेक. लेकीची तब्येत जरा नरम हाय."

थोड्याच वेळात लेकीचे केस सुटले. डोळे फिरले, मान गरगरू लागली, घशातून घोगरा आवाज निघाला. परदेशात या प्रसंगी लोक किंचाळत असतील. आमच्या शेडमध्ये एकही बाई किंचाळली नाही. सगळ्या सावरून बसल्या, पदर डोक्यावर घेतले.

"अंगात आलंय," अप्पाराव हळूच म्हणाले.

"बिलकुल आलंय," मालनबाई म्हणाल्या. त्या विषयात त्यांचा शब्द शेवटचा होता. "अन् लै कडक दैवत हाय."

मग ते काळ्या झग्यातले फादर आले. त्यांनी पोरीला खाटेला बांधले, तिच्यावर पाणी शिंपडले, क्रूस रोखून धरला. शेडमध्ये कुजबुज सुरू झाली. "आरं, देवीला कामून बांधून राह्यला हा?" "हळद न्हाई, कुंकू न्हाई, अन् वरडतो नुस्ता!" मित्रांनो, पिक्चरच्या कंपनीने ज्याला सैतान म्हणून पाठवले होते, त्याच्या बाजूने आमचे अख्खे गाव उभे राहिले.

मालनबाईंना राहवेना. त्या उठल्या. आता ओटी भरल्याशिवाय देवी शांत होणार नाही, हे त्यांनी ओळखले. त्यांनी टीव्हीच्या काचेला हळदकुंकू लावले. खण, नारळ आणि ओंजळभर तांदूळ ठेवायला जागा हवी होती. ती माझ्या डोक्यावर होती. माझे तोंड नेहमीप्रमाणे अर्धवट उघडे होते, कारण झाकणाची स्प्रिंग गेली होती. तांदूळ घरंगळले आणि निम्मे माझ्या पोटात गेले. फीत करकरली. पडद्यावर फादर जमिनीवर आडवे पडले होते, पोरगी हसत होती. चित्र तिथेच थरथरत थांबले आणि मी बंद पडलो.

"झालं!" अप्पाराव म्हणाले. "देवीनं फादरला पाडलं. पुंडलिक वरदे!"

गाव समाधानाने घरी गेले. मला मात्र पिशवीत घालून जालन्याला नेले. मेकॅनिकने मला उघडले, चिमट्याने एकेक दाणा काढला आणि विचारले, "ह्याला जेवायला घातलं का काय?"

मी त्या कॅसेटसकट परत आलो तेव्हा भिंतीपलीकडून खोकला ऐकू आला. तोच जुना, कोरडा. मालनबाईंनी दवाखान्यात जाणे सोडले होते. पुंजाराम हात जोडून विनवत होता आणि त्या एकच सांगत होत्या. "त्यांच्यात अंगात आलेल्या बाईला खाटेला बांधतेत. म्या डोळ्यानं पाह्यलं. मपल्या अंगात मंगळवारी येतं, हे शिस्टरला कळलं मंग? अन् गोळीसंगट ती पाणी देती ना, ते तेच पाणी आसंल!"

खरे सांगतो, मला फार वाईट वाटले. पुंजाराम अडून बसलेल्या आईपुढे रडकुंडीला आला होता.

सिस्टर रोज वाट पाहून शेवटी स्वतः आल्या. मालनबाईंनी आतून कडी लावली.

"मालनबाई, गोळ्या का सोडल्या? खोकला मला रस्त्यावरून ऐकू येतोय."

"तू देवीवर पाणी शिंपडशील."

"असं कोण म्हणालं?"

"टीव्हीत दावलंय!"

पुंजारामने खाली मान घालून सगळे सांगितले. मला वाटले, आता सिस्टर रागावणार, नाहीतर उपदेश करणार. त्या दाराशीच खाली बसल्या. मग म्हणाल्या, "मी तर असला पिक्चर कधी पाहिलाच नाही. मला पण दाखव. मालनबाई, तुम्ही माझ्या शेजारी बसा. आपण दोघी पाहू."

मालनबाईंनी दाराआडून अट घातली. जवळ पाणी नको आणि क्रूस नको. सिस्टरांनी गळ्यातला क्रूस काढून अप्पारावांकडे दिला. अप्पारावांनी तो प्रसादासारखा दोन्ही हातांत धरला आणि शेवटपर्यंत तसाच धरून ठेवला. त्या दिवशी त्यांना बोटही दाखवता येईना, म्हणून अर्थ सांगायचा राहिला.

पुन्हा गोणपाट लागले. पुन्हा सतरंजी भरली. या वेळी लोक पडद्याकडे कमी आणि सिस्टरांकडे जास्त पाहत होते. पोरीचे डोळे फिरले तशा सिस्टर सतरंजीवर मागे सरकल्या. मान गरगरली तसे त्यांनी तोंड झाकून घेतले. घोगरा आवाज आला आणि सिस्टर "आई गं!" म्हणून मालनबाईंच्या पदरात शिरल्या.

"बंद करा हो ते! बंद करा!"

"आरं पुंजाराम, बंद कर तो डबा!" मालनबाई कडाडल्या. "पोरगी कापून राह्यली इथं!"

पुंजारामने बटण दाबले. मालनबाई सिस्टरांच्या पाठीवरून हात फिरवू लागल्या. "भिऊ नको, माय. म्या हाय ना. तुमच्यातबी भुताला भेतेत व्हय?"

"मी तर लहानपणापासून अंधारालाही भिते," सिस्टर पदरातूनच म्हणाल्या.

"अन् तो फादर?"

"असा फादर मी जन्मात पाहिला नाही. आमचे फादर प्रार्थनेच्या आधी अर्धा तास चष्मा शोधतात. पाल दिसली तर मला हाका मारतात."

शेडमध्ये हशा पिकला. मालनबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांना विचारायचे होते तेच राहिले होते. "मंग अंगात आलेल्या बाईला तू काय करशील? बांधशील?"

सिस्टरांनी डोळे पुसले. "मी आधी तिचा ताप पाहीन."

मालनबाई विचारात पडल्या. "ताप तं असतोच त्या वक्ताला," त्या हळू आवाजात म्हणाल्या. आणि त्यांना खोकल्याची उबळ आली, मोठी, थांबता थांबेना अशी. ती ओसरल्यावर त्यांनी हात पुढे केला. "आण ती गोळी."

सिस्टरांनी पिशवीतून गोळी काढली. मग दोन्ही हात मागे घेऊन म्हणाल्या, "पाणी तुमच्या हातानं, तुमच्या माठातलं घ्या."

"न्हाई," मालनबाई म्हणाल्या. "तूच दे."

पिक्चरचा शेवट कुणीच पाहिला नाही. कॅसेट जालन्याला परत गेली. त्या पोरीचे पुढे काय झाले, ते मलाही ठाऊक नाही. गोळ्या मात्र नव्याने सुरू झाल्या आणि शेवटपर्यंत चालल्या. पुढच्या नाताळला ठणठणीत मालनबाई दवाखान्यात गेल्या आणि सिस्टरांची ओटी भरली. कुणीतरी म्हणाले, शिस्टरचे लगीन झालेले नाही. मालनबाईंनी त्याला गप्प केले. "देवाशीच लगीन लावलंय म्हणती. मंग सवाष्णच की ती!" सिस्टरांनी नारळ ठेवून घेतला, आणि खण माझ्यावर झाकायला दिला.

पुढे माझ्या तोंडात त्या जातीच्या आणखी कॅसेटी आल्या. सगळ्यांत चर्च अंधारे असते, दिवा कुणी लावत नाही. धुके असते, घंटा वाजते, फादर घामाघूम असतात. सिस्टर असल्या तर भिंतीला पाठ लावून नुसत्या टक लावून पाहतात. एकाही सिनेमात कुणी सिस्टर कुणा मालनबाईला "आज गोळीला येताय ना?" असे विचारत नाही. आणि मी तर सिस्टरांना रोज रस्त्यावरून तेच विचारताना ऐकले होते.

मग सीडी आली, छत्रीसारख्या डिश आल्या. मला पोत्यांच्या मागे ठेवले. मित्रांनो, जुन्या यंत्राच्या तोंडावर धूळ साचू देऊ नका, एवढे करा. आणि कुणाचा देव कसा आहे हे माझ्यासारख्याच्या तोंडून ऐकू नका, त्याच्या माणसाला शेजारी बसवून विचारा. मला गोष्टी सांगता येतात, पण माझी फीत अडकते.

उद्या भंगारवाला आलाच तर मला द्या, हरकत नाही. खण तेवढा काढून ठेवा, उंदरांनी कडा कुरतडल्या आहेत पण मधला भाग चांगला आहे. आणि देण्याआधी मला कानाशी धरून एकदा हलवून पाहा. आत काहीतरी वाजेल. मेकॅनिकच्या चिमट्यातून तांदळाचा एक दाणा सुटला होता. तो मालनबाईंचा आहे.